कोल्हापूर जिल्ह्यातील वाहतूक व दळणवळण

कोल्हापूर जिल्ह्यातील वाहतूक व दळणवळण या व्यवस्थेत महाराष्ट्राच्या नैर्ऋत्य भागातील कोल्हापूर जिल्ह्याचे रस्ते, घाट, लोहमार्ग, विमानतळ, पूल व बंधारे तसेच टपाल, दूरध्वनी, आंतरजाल आणि नभोवाणी यांचा समावेश होतो. पश्चिमेस सह्याद्री व त्यापलीकडे कोकण, दक्षिणेस व पूर्वेस कर्नाटक आणि उत्तरेस सांगली जिल्हा अशा सीमांमुळे देश, कोकण व कर्नाटक यांना जोडणारा दुवा म्हणून हा जिल्हा ओळखला जातो. जिल्ह्यात १२ तालुके असून क्षेत्रफळ सुमारे ७,६८५ चौ. किमी आहे. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ३८,७६,००१ होती.

जिल्ह्यातील सोयींचे वाटप सारखे नाही. करवीर, हातकणंगले, शिरोळ व कागल या पूर्वेकडील सपाट तालुक्यांत महामार्ग, लोहमार्ग आणि औद्योगिक वसाहती एकवटल्या आहेत. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा व चंदगड या डोंगराळ तालुक्यांत मात्र वाहतूक पूर्णतः रस्त्यांवर अवलंबून आहे. हातकणंगले तालुक्यातील कबनूर व त्याला लागून असलेले इचलकरंजी हे वस्त्रोद्योगाचे मोठे केंद्र सपाट प्रदेशात असूनही लोहमार्गावर नाही.

इतिहास

प्राचीन काळी कोकणातील बंदरांवरून घाटमार्गे देशावर येणारा व्यापार या प्रदेशातून होत असे. कोल्हापूर शहरालगत पंचगंगेच्या काठी असलेल्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात कांस्यवस्तूंचा साठा व इतर अवशेष सापडले. त्यांतील पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची लहान कांस्यमूर्ती भूमध्य सागरी प्रदेशाशी असलेल्या व्यापारसंबंधांचा पुरावा मानली जाते. ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. मध्ययुगात पन्हाळा, विशाळगड व भुदरगड या किल्ल्यांचे महत्त्व काही अंशी घाटवाटांवर लक्ष ठेवण्याच्या त्यांच्या स्थानामुळे होते.

आधुनिक दळणवळणाचा पाया कोल्हापूर संस्थानच्या काळात घातला गेला. पंचगंगेवरील शिवाजी पूल व मिरज–कोल्हापूर लोहमार्ग ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील महत्त्वाची कामे होत. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १८९५ साली कोल्हापुरात शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसविण्यात आली. रेल्वेस्थानकाजवळच्या या पेठेमुळे कोल्हापूर हे गुळाच्या व्यापाराचे प्रमुख केंद्र बनले. लोहमार्गावरच वसविलेल्या जयसिंगपूर या बाजारपेठेला शाहू महाराजांचे जनक वडील जयसिंगराव घाटगे यांचे नाव देण्यात आले. १९३९ साली छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात विमानतळ सुरू झाला. १ मार्च १९४९ रोजी संस्थान तत्कालीन मुंबई राज्यात विलीन झाले.

रस्ते

राष्ट्रीय महामार्ग ४८ हा जिल्ह्याचा मुख्य उत्तर-दक्षिण मार्ग आहे. २०१० सालच्या पुनर्क्रमांकनापूर्वी मुंबई–पुणे–बंगळूर–चेन्नई हा मार्ग राष्ट्रीय महामार्ग ४ या नावाने ओळखला जात असे आणि स्थानिक बोलण्यात आजही तो 'पुणे–बेंगलोर हायवे' आहे. वारणा नदी ओलांडून जिल्ह्यात आल्यावर तो किणी, वाठार, शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल या गावांवरून कर्नाटकातील निपाणीकडे जातो. सुवर्ण चतुष्कोण योजनेत त्याचे चौपदरीकरण झाले. शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल–हातकणंगले पंचतारांकित या औद्योगिक वसाहती याच महामार्गाच्या आधाराने वाढल्या.

राष्ट्रीय महामार्ग १६६ हा पूर्व-पश्चिम मार्ग रत्नागिरीहून आंबा घाट व मलकापूरमार्गे कोल्हापुरात येतो आणि पुढे हातकणंगले, जयसिंगपूर, सांगली व मिरजमार्गे सोलापूरकडे जातो. रत्नागिरी–नागपूर महामार्ग प्रकल्पात त्याचे रुंदीकरण हाती घेण्यात आले. हातकणंगले व शिरोळ तालुक्यांतील चोकाक ते अंकली या टप्प्यात भूसंपादनाच्या मोबदल्यावरून शेतकऱ्यांनी आंदोलने केली. इतर टप्प्यांप्रमाणे चौपट मोबदला मिळावा, ही त्यांची मागणी होती.

कोल्हापूर–गगनबावडा–तळेरे, देवगड–राधानगरी–निपाणी आणि संकेश्वर–गडहिंग्लज–आजरा–बांदा हे अन्य महत्त्वाचे मार्ग होत. चंदगड तालुक्याचा दैनंदिन व्यवहार कोल्हापूरपेक्षा जवळच्या बेळगावशी अधिक आहे. त्यामुळे महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावरून तणाव वाढला आणि दोन्ही राज्यांच्या बस थांबल्या की या तालुक्यातील विद्यार्थी, रुग्ण व व्यापारी यांची अडचण होते.

घाटमार्ग

कोकणात उतरण्यासाठी जिल्ह्यातून पुढील प्रमुख घाट आहेत:

आंबा घाट – शाहूवाडी तालुका ते रत्नागिरी जिल्हा.
अणुस्कुरा घाट – शाहूवाडी तालुका ते राजापूर.
भुईबावडा व करूळ घाट – गगनबावडा ते वैभववाडी परिसर.
फोंडा घाट – राधानगरी तालुका ते कणकवली परिसर.
आंबोली घाट – आजऱ्याकडून सावंतवाडीकडे. घाट सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे.
तिलारी घाट – चंदगड तालुका ते दोडामार्ग.

पावसाळ्यात दरडी कोसळल्याने किंवा रस्ता खचल्याने यांपैकी एखादा घाट बंद पडणे नित्याचे आहे. अशा वेळी वाहतूक दुसऱ्या घाटाकडे वळवली जाते. कोल्हापूरहून कोकणात जाणारा भाजीपाला व दूध आणि कोकणातून येणारे मासे व आंबे या मालाला वळणाचा थेट फटका बसतो.

कोल्हापूर शहरातील पथकर

कोल्हापूर शहरातील सुमारे ५० किमी रस्त्यांचा विकास 'बांधा, वापरा व हस्तांतरित करा' या तत्त्वावर खासगी कंपनीकडे सोपविण्यात आला. २०१३ मध्ये शहराच्या प्रवेशमार्गांवर पथकर वसुली सुरू झाली. महापालिका हद्दीतील अंतर्गत रस्त्यांसाठी टोल द्यावा लागण्याविरुद्ध एन. डी. पाटील, गोविंद पानसरे आदींच्या नेतृत्वाखाली सर्वपक्षीय कृती समितीने दीर्घकाळ लढा दिला. अखेर राज्य शासनाने हा टोल रद्द केला. शहरातील रस्त्यांचा खर्च कोणी उचलावा, या प्रश्नावरील राज्यातील महत्त्वाच्या जनआंदोलनांत त्याची गणना होते.

लोहमार्ग

मिरज–कोल्हापूर हा सुमारे ४७ किमी लांबीचा लोहमार्ग कोल्हापूर संस्थानच्या खर्चाने बांधण्यात आला. १८८८ साली शाहू महाराजांच्या हस्ते कामाचा प्रारंभ झाला व १८९१ साली मार्ग वाहतुकीस खुला झाला. त्याचे संचालन सदर्न मराठा रेल्वे कंपनीकडे होते. मार्ग मीटरगेज असल्याने मुंबईस जाणाऱ्या प्रवाशांना पुण्यात गाडी बदलावी लागे. १९७१च्या सुमारास मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले आणि कोल्हापूर–मुंबई थेट प्रवास शक्य झाला.

मिरजेहून निघालेला मार्ग कृष्णा नदी ओलांडून जयसिंगपूर, निमशिरगाव-तमदलगे, हातकणंगले, रुकडी, वळिवडे व गूळ मार्केट या स्थानकांवरून कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर संपतो. रुकडीजवळ तो पंचगंगा ओलांडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८ दरम्यान, वळिवडे येथे पोलंडमधील सुमारे ५,००० निर्वासितांची छावणी होती. तिच्या जागेच्या निवडीत रेल्वेची जवळीक उपयोगी ठरली.

महालक्ष्मी एक्सप्रेस व कोयना एक्सप्रेस या गाड्या कोल्हापूरला मुंबईशी, महाराष्ट्र एक्सप्रेस विदर्भातील गोंदियाशी आणि हरिप्रिया एक्सप्रेस तिरुपतीशी जोडते. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्हापूर–पुणे वंदे भारत एक्सप्रेस सुरू झाली.

कोल्हापूर हे टोकाचे स्थानक आहे. तेथून पुढे कोकणात किंवा दक्षिणेकडे लोहमार्ग नसल्याने दक्षिणेकडील गाड्यांना आधी पूर्वेस मिरजेला जावे लागते. कोकण रेल्वेशी जोडणारा कोल्हापूर–वैभववाडी मार्ग अनेक वर्षे प्रस्तावित आहे. हा मार्ग झाल्यास रत्नागिरी व सिंधुदुर्गातील बंदरांना पश्चिम महाराष्ट्राचा थेट रेल्वेदुवा मिळेल; मात्र सह्याद्री उतरण्यासाठी बोगदे व पूल लागणार असल्याने त्याचा खर्च मोठा आहे.

सार्वजनिक बससेवा

राज्य परिवहन महामंडळाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर राज्य परिवहनाचे जाळे कोल्हापूर जिल्ह्यातही पसरले. महामंडळाच्या कोल्हापूर विभागात कोल्हापूर, संभाजीनगर, इचलकरंजी, गडहिंग्लज, गारगोटी, मलकापूर, चंदगड, कुरुंदवाड, कागल, राधानगरी, गगनबावडा व आजरा ही आगारे आहेत. ग्रामीण भागात माध्यमिक शाळा व महाविद्यालये तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावी असल्याने विद्यार्थ्यांचे, विशेषतः मुलींचे, शिक्षण एस.टी.च्या वेळापत्रकावर अवलंबून असते. मार्च २०२३ पासून महिलांना सर्व बसमध्ये निम्मे भाडे आकारले जाते.

कोल्हापूर शहर व आसपासच्या गावांत महापालिकेच्या परिवहन उपक्रमाच्या म्हणजेच के.एम.टी.च्या बस धावतात. जेथे बस कमी आहेत, तेथे प्रवासी भरून जाणाऱ्या खासगी जीप व रिक्षा चालतात. त्यांना या भागात 'वडाप' म्हणतात. वडाप वाहने बहुधा आसनक्षमतेपेक्षा जास्त प्रवासी नेतात; तरीही डोंगराळ वाड्यांतील लोकांना शेवटच्या टप्प्यासाठी दुसरा पर्याय नसतो.

कबनूर–इचलकरंजी परिसर

कबनूर हे इचलकरंजी शहराला लागून असलेले, हातकणंगले तालुक्यातील मोठे गाव आहे. जनगणनेत त्याची नोंद जनगणना-नगर अशी झाली आहे. म्हणजे कारभार ग्रामपंचायतीचा असला तरी लोकसंख्या, घनता व बिगरशेती रोजगार या निकषांवर ती वस्ती नागरी ठरते. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. त्यास इचलकरंजीचे जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचे प्रोत्साहन होते. पुढे हा उद्योग शहराची हद्द ओलांडून कबनूर, कोरोची, शहापूर आदी भागांत पसरला. इचलकरंजी नगरपालिकेचे २०२२ साली महानगरपालिकेत रूपांतर झाले.

यंत्रमाग उद्योगाची रचना विकेंद्रित असल्याने त्यात वाहतुकीला असाधारण महत्त्व आहे. सूत गिरणीतून किंवा व्यापाऱ्याकडून येते, सायझिंग कारखान्यात त्याला कांजी देऊन ते बिमावर गुंडाळले जाते, बीम मागाच्या शेडमध्ये जाते आणि विणलेले कापड तपासणीसाठी पुन्हा व्यापाऱ्याकडे येते. हे सर्व टप्पे वेगवेगळ्या मालकांच्या जागांत होत असल्याने एकाच कापडाचा माल परिसरातच अनेकदा टेम्पो व हातगाड्यांतून हलतो. तयार झालेले बरेच कोरे कापड रंगाई व प्रक्रियेसाठी राजस्थान व गुजरातमधील केंद्रांकडे मालट्रकने पाठवले जाते. डिझेलचे दर वाढले की प्रत्येक टप्प्याचा खर्च वाढतो आणि त्याचा भार अखेर मजुरीवर विणणाऱ्या लहान यंत्रमागधारकावर येतो.

कोल्हापूर–इचलकरंजी हे अंतर सुमारे ३० किमी आहे. इचलकरंजी व कबनूरला जवळचे रेल्वेस्थानक हातकणंगले हे होय. तेथून शहरापर्यंत बस, रिक्षा किंवा वडाप घ्यावी लागते. हातकणंगले–इचलकरंजी असा सुमारे ८ किमीचा जोडमार्ग रेल्वे अर्थसंकल्पात जाहीर झाला होता. उद्योजकांना माल व कामगार यांच्या वाहतुकीसाठी तो हवा होता. तर लहान अंतरासाठी बागायती जमीन जाईल म्हणून शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला. शहराजवळच्या सुपीक पट्ट्यात जमीन हीच अनेक कुटुंबांची एकमेव ठेव असल्याने दोन्ही बाजूंचे हितसंबंध खरे आहेत.

कबनूरसारख्या वस्तीत रस्त्यांचा प्रश्न दुहेरी आहे. रहदारी शहराची आहे, पण गावठाणातील रस्त्यांची रुंदी खेड्याची आहे. ऊस गळीत हंगामात साखर कारखान्यांकडे जाणारे ट्रॅक्टर व बैलगाड्या, सुताचे ट्रक, कामगारांच्या सायकली व दुचाकी आणि शाळकरी मुले हे सर्व एकाच रस्त्यावर येतात. यंत्रमाग रात्रपाळीतही चालत असल्याने वर्दळ दिवसापुरती मर्यादित नसते. म्हणून पथदिवे, गटारे व पदपथ ही येथे सुरक्षिततेची प्राथमिक गरज ठरते.

मालवाहतूक

ऊस, साखर, गूळ, दूध, कापड, चांदीचे दागिने व ओतकामाचे सुटे भाग हा जिल्ह्यातील प्रमुख माल आहे. गळीत हंगामात साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत उसाची वाहतूक चालते. तोडलेल्या उसातील साखरेचा उतारा वेळेबरोबर घटतो, त्यामुळे शेतापासून कारखान्यापर्यंतचा रस्ता हा थेट उत्पन्नाचा प्रश्न असतो. दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरला मागील बाजूस परावर्तक नसल्यास रात्री गंभीर अपघात होतात, म्हणून हंगामाच्या प्रारंभी परावर्तक लावण्याच्या मोहिमा घेतल्या जातात.

दूध हा दररोज हलणारा माल आहे. १९६३ साली स्थापन झालेला कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ (गोकुळ) आणि वारणा दूध संघ हे गावोगावच्या संस्थांकडून सकाळ-संध्याकाळ दूध गोळा करून टँकरने पुणे-मुंबईकडे पाठवतात. महामार्ग एक दिवस बंद राहिला, तरी मुंबईत टंचाई व गावात संकलन बंद असा दोन्हीकडे परिणाम होतो.

हवाई वाहतूक

कोल्हापूरचा विमानतळ शहराच्या आग्नेयेस उजळाईवाडी येथे आहे. १९३९ साली सुरू झालेल्या या विमानतळावरील प्रवासी सेवा मधल्या काळात अनेकदा खंडित झाली. 'उडान' या प्रादेशिक हवाई जोडणी योजनेअंतर्गत २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. त्यानंतर धावपट्टी वाढविण्यात आली, रात्री विमान उतरविण्याची सोय झाली व १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनल इमारतीचे उद्घाटन झाले.

पूल, बंधारे आणि पूर

जिल्ह्यातून पंचगंगा, वारणा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी व घटप्रभा या नद्या पूर्वेकडे वाहतात. पंचगंगा नृसिंहवाडी येथे कृष्णेस मिळते. या नद्यांवर 'कोल्हापूर पद्धतीचे बंधारे' मोठ्या संख्येने आहेत. दगडी खांबांच्या खाचांत पावसाळ्यानंतर फळ्या (बर्गे) बसवून पाणी अडवायचे व पावसाळ्यापूर्वी त्या काढून घ्यायच्या, अशी त्यांची रचना असते. खांबांवरील अरुंद वाट गावे पूल म्हणून वापरतात. पंचगंगेवरील शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड व शिरोळ हे बंधारे पाण्याखाली गेल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात प्रसिद्ध होतात. बंधारा बुडाला की पलीकडच्या गावी जाण्यासाठी मोठा वळसा घ्यावा लागतो. पाणी वाहत असताना बंधारा ओलांडण्याचा प्रयत्न जिवावर बेततो.

पंचगंगेची पातळी कसबा बावड्याजवळील राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर व जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांवर गेले. दोन्ही वेळा शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्गावर पाणी आल्याने पुणे–बंगळूर वाहतूक थांबली, कोल्हापूर–सांगली रस्ता तुटला व मिरज–कोल्हापूर रेल्वेसेवा बंद ठेवावी लागली. इंधन, भाजीपाला व औषधे यांचा पुरवठा विस्कळीत झाला आणि शेकडो मालट्रक महामार्गावर अडकून पडले. पूरपट्ट्यात भराव टाकून रस्ते उंचावल्यास पाणी अडून गावांत पसरते, म्हणून भरावाऐवजी खांबांवरील पूल बांधावेत, अशी मागणी या पुरांनंतर पुढे आली.

कोल्हापूर शहरातील ब्रिटिशकालीन शिवाजी पुलाला पर्यायी पूल बांधण्याचे काम लगतच्या ब्रह्मपुरी या संरक्षित पुरातत्त्वीय स्थळामुळे कायदेशीर परवानगीत अनेक वर्षे अडकले होते. जानेवारी २०१८ मध्ये जुन्या पुलाचा कठडा तोडून प्रवासी मिनीबस नदीत कोसळली व १३ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर पर्यायी पुलाची मागणी तीव्र झाली आणि पुढे तो पूल पूर्ण होऊन वाहतुकीस खुला झाला.

टपाल, दूरध्वनी व आंतरजाल

१५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झालेल्या पिन क्रमांक पद्धतीत कोल्हापूर जिल्ह्याचे क्रमांक ४१६ या अंकांनी सुरू होतात. इचलकरंजीचा पिन क्रमांक ४१६११५ आहे. दूरध्वनीसाठी कोल्हापूरचा विभाग क्रमांक ०२३१ व इचलकरंजी-हातकणंगले परिसराचा ०२३० आहे. भारतातील सार्वजनिक तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. भ्रमणध्वनीच्या प्रसारानंतर स्थिर दूरध्वनीचा वापर घटला. शाहूवाडी, गगनबावडा व चंदगड तालुक्यांतील दऱ्यांत मात्र भ्रमणध्वनीचे संकेत दुर्बल राहतात. करोना महासाथीत शाळा बंद असताना अशा वाड्यांतील विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी संकेत मिळेल अशा उंच जागा शोधाव्या लागल्या.

ग्रामीण संगणकीकरणाच्या इतिहासात या जिल्ह्याचे नाव 'वारणा वायर्ड व्हिलेजेस' प्रकल्पामुळे नोंदले गेले आहे. १९९८ साली वारणानगर परिसरातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे स्थापून ती सहकारी साखर कारखान्याशी जोडण्यात आली. ऊसनोंदणी, तोडणीची पाळी, खताची उचल व बिलाची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळू लागली. पुढे काही गावांत संगणकाऐवजी भ्रमणध्वनीच्या लघुसंदेशांद्वारे हेच काम करण्याचा प्रयोग झाला आणि तो कमी खर्चाचा ठरला.

वृत्तपत्रे व नभोवाणी

ग. गो. जाधव यांनी सुरू केलेले पुढारी हे कोल्हापूरहून प्रसिद्ध होणारे प्रमुख दैनिक आहे. राज्यातील इतर मोठ्या दैनिकांच्या आवृत्त्याही येथून निघतात. १९६३ साली सुरू झालेले आकाशवाणीचे सांगली केंद्र कोल्हापूर जिल्ह्यातही ऐकले जाते. शेतीविषयक कार्यक्रमांमुळे ते ग्रामीण श्रोत्यांत परिचित आहे. आकाशवाणीचे कोल्हापूर केंद्र १०२.७ मेगाहर्ट्झवर प्रसारण करते. पुराच्या काळात वीज व भ्रमणध्वनी मनोरे बंद पडल्यास बॅटरीवर चालणारा रेडिओ हे माहितीचे उपयुक्त साधन ठरते.

प्रस्तावित प्रकल्प

वर्धा जिल्ह्यातील पवनार ते गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवी असा सुमारे ८०२ किमीचा नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्ग कोल्हापूर जिल्ह्यातून प्रस्तावित करण्यात आला. बागायती जमिनींचे संपादन, पूरप्रवण खोऱ्यांतील भराव आणि समांतर रत्नागिरी–नागपूर महामार्ग उपलब्ध असणे, या कारणांवरून जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी त्यास विरोध केला. तीर्थक्षेत्रांची जोडणी, पर्यटन व प्रवासवेळेतील बचत ही प्रकल्पाच्या समर्थनार्थ मांडली जाणारी कारणे आहेत. याशिवाय मिरज–कोल्हापूर लोहमार्गाचे दुपदरीकरण, कोल्हापूर–वैभववाडी लोहमार्ग आणि महामार्ग ४८चे सहापदरीकरण हे जिल्ह्याच्या दळणवळणाच्या दृष्टीने महत्त्वाचे विषय आहेत.